मागच्या कोपऱ्याची चार बोटं

निकितानं सासूला शब्द दिला तेव्हा घराच्या जागेवर अजून लाल कांदा उभा होता. पाडव्याला तुम्ही आपल्या पायांनी नव्या घरात चालत जाल, असं ती छातीठोकपणे बोलून गेली. जानेवारी नुकता लागला होता आणि पाडवा मार्चच्या मध्यावर, म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने. एवढ्या दिवसांत आमच्याकडे घराचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, एवढीच चर्चा पुरी होते.

पण शब्द द्यायला कारण तसंच होतं. कुसाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. नाशिकच्या डॉक्टरांनी जानेवारीत उजवा आणि फेब्रुवारीत डावा बदलायचं ठरवलं होतं आणि तोवर त्या एकलहऱ्याला मुलीकडे, हर्षालीकडे राहायला गेल्या होत्या. हर्षालीचा नवरा वीज केंद्रात नोकरीला, क्वार्टर तळमजल्यावर, सगळं सोयीचं. प्रश्न होता तो गुडघे बदलून बाई परत येणार कुठं याचा. चांदवडजवळच्या त्यांच्या गावातलं घर म्हणजे पाच उंच पायऱ्या, आत दोन उंबरे आणि संडास परसात, चिंचेखाली. जमिनीवर बसायचं नाही आणि उंच पायरी चढायची नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं होतं. लेकीच्या घरी किती दिवस काढायचे, हे कुसाबाई तोंडानं बोलत नसत. रोज फोनवर त्या फक्त "मळ्यात सगळं बरं हाय ना?" असं विचारत आणि मग गप्प होत. ते गप्प होणं निकिताला सोसत नव्हतं.

निकिता नाशिक रोडची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. सिन्नरकडच्या एका कारखान्यात ती कामाला होती आणि त्या कारखान्यात घरं तयार होत. म्हणजे भिंती. पोलादी चौकट, दोन्ही अंगांनी सिमेंटचे पत्रे, पोटात हलकं काँक्रीट, वायरीच्या नळ्या आणि खिडक्या आधीच बसवलेल्या. भिंत ट्रकवर येते, क्रेननं उचलून पायातल्या बोल्टांवर ठेवायची आणि नट आवळायचे. लग्नानंतर चांदवडकडच्या साइटा तिच्याकडे आल्या. आजवर तिनं इकडे कोंबड्यांच्या शेडा उभ्या केल्या होत्या आणि पेट्रोल पंपांच्या केबिनी. राहतं घर हे पहिलंच होतं.

आणि ही मुलगी लग्न होऊन पडली कुणाच्या घरात, तर सावळीराम मिस्तरींच्या. सावळीराम म्हणजे तिचे सासरे, गावाचे तात्या. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. आजूबाजूच्या दहा गावांत त्यांच्या हातची घरं आहेत आणि एकाही घराला चीर गेलेली नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत, पण समोरच्यानं सांगितलं तर अडवतही नाहीत. कुसाबाईंनी त्यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं विटा आणि घमेली वाहिली. बांबूच्या परांचीवरून डोक्यावर ओझं घेऊन वर चढायचं आणि रिकामं घमेलं घेऊन खाली यायचं. गुडघे गेले ते तिथंच.

घराचा विषय निघाला त्या संध्याकाळी फकिरा हजर होता, आणि तो हजर नसता तरच नवल होतं. फकिरा हा तात्यांचा चुलत भाऊ, नदीकाठच्या वीटभट्टीचा मालक. तात्या बांधणार आणि वीट फकिराची लागणार, हे इतकी वर्षं न बोलता ठरलेलं होतं.

"सूनबाई, तुझ्या त्या खोक्यात माणसं राहत्यात का कोंबड्या?" त्यानं चहा फुंकत विचारलं.

"आतापर्यंत कोंबड्या राहत होत्या काका," निकिता म्हणाली. "त्यांची एकही तक्रार आली नाही."

तात्या हसले, पण लगेच सावरले. "चेष्टा सोड. मी सांगतो ते आईक. वीट हातात मावती. एक वीट चुकली तर एक वीट काढायची. भिंत वाकडी गेली तर गिलाव्यात सरळ करता येती. विटंच्या घराला पोट असतं, चूकभूल पोटात घेतं ते. तुझी आख्खी भिंतच चुकून आली, तर काय करशील?"

"माझी भिंत चुकत नाही तात्या. मिलिमीटरवर कापलेली असते."

"आन माझं घर चुकतं व्हय?"

"तसं नाही म्हणत मी. तुम्हीच सांगा, विटेत बांधलं तर आई कधी राहायला येतील?"

तात्यांनी बोटं मोजली. प्रामाणिक माणूस, खोटं मोजता येईना. पाया, भिंती, पाणी मारायचे दिवस, स्लॅब, त्याच्या फळ्या, गिलावा, फरशी. त्यात मार्च-एप्रिलात सगळे बिगारी कांदा काढणीला जाणार. बोटं दिवाळीपाशी येऊन थांबली.

"दिवाळीपर्यंत आई हर्षालीकडेच राहणार का?" निकितानं विचारलं.

तात्या उठले, पायात वहाणा घातल्या आणि अंगणात दोन फेऱ्या मारून परत आले. "भिंती तुझ्या," ते म्हणाले. "पाया माझा. त्यात कंपनीचा मानूस नको." फकिराचा चहा तिथंच गार झाला.

लाल कांदा निघाला आणि फेब्रुवारी लागताच मळ्याच्या रस्त्याकडच्या तुकड्यात तात्यांनी पाया आखायला घेतला. समोर पूर्व, रुंदी चोवीस फूट, लांबी तीस. निकिता कौतुकानं बघत होती. त्या माणसाची दोरी हवेतही सरळ राहायची. मागच्या कोपऱ्याकडे दोरी न्यायची वेळ आली तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली, "तात्या, मी धरते दुसरं टोक."

"नको. ऱ्हाऊ दे ते टोक," तात्या म्हणाले. एवढ्या तुटकपणे ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. ते स्वतः मागं गेले, खुंटी ठोकली आणि टोक खुंटीला बांधून परत पुढं आले. निकिताला जरा लागलं. आपल्या कामात सुनेचा हात नको असेल, असं तिनं मनात म्हटलं आणि विषय सोडला.

पाया मात्र बघत राहावा असा झाला. बोल्ट बसवायला कंपनीनं भोकं पाडलेला पत्रा दिला होता, त्याबरहुकूम एकेक बोल्ट ओळंब्यात उभा. पुढे दाराशी पायरीऐवजी उतार, तोही तात्यांनी स्वतःच्या डोक्यानं काढलेला. पाणी मारून पंधरा दिवस झाले तेव्हा निकिता तपासणीचा कागद घेऊन गेली. पाणसळ नळीनं पातळी बघितली, चारी कोपरे एका रेषेत. पुढची रुंदी मोजली, चोवीस फूट, ना केसभर कमी ना जास्त. कागदावर शेवटची ओळ राहिली: दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का?

कर्ण मोजायचा म्हणजे या कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत फीत धरायची. दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या, तर पाया काटकोनात. काम दोन मिनिटांचं, पण दुसरं टोक धरायला माणूस लागतो. आणि तिथं माणसं दोनच होती. पायावर पाण्याची नळी धरून उभे असलेले तात्या आणि बांधावर बसून नाक खुपसायला टपलेला फकिरा. चाळीस वर्षांच्या मिस्तरीच्या पायावर सुनेनं भावकीसमोर फीत धरायची आणि तीही त्याच्याच हातात दुसरं टोक देऊन, हे निकिताला काही केल्या जमेना. दुसऱ्या कुणाचा पाया असता तर तिनं चार वेळा मोजला असता. तिनं तात्यांच्या त्या सुबक कामाकडे पाहिलं, कागदावर 'होय' अशी खूण केली आणि खाली सही ठोकली. आपण मान राखला, असंच तिला त्या वेळी वाटलं.

भिंती आल्या बुधवारी, पाडव्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी. सकाळी साडेसातला दोन ट्रक आणि त्यांच्यामागे हायड्रा क्रेन घेऊन लखन. लखन हा पेठकडचा, बोलायला कमी आणि हाताला साफ. त्याला दुपारी लासलगावला मार्केट यार्डाजवळ एका व्यापाऱ्याची शेड चढवायची होती आणि तिथून पुढे दहा-बारा दिवस क्रेन मोकळी नव्हती. बघायला अर्धं गाव आलं होतं. भिंत हवेतून येणार म्हटल्यावर कांदा कोण काढतो.

पुढची भिंत बोल्टांवर अलगद उतरली. दार त्यातच, खिडकी त्यातच. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग उत्तरेची भिंत. मग मागच्या भिंतीचा पहिला तुकडा. नऊही वाजले नव्हते. निकिताचा नवरा अमोल नट आवळता आवळता सगळ्यांना ऐकू जाईल असं शीळ घालत होता. मागच्या भिंतीचा दुसरा तुकडा खाली आला, पहिल्याला चिकटला आणि लखननं क्रेनमधून मान बाहेर काढली.

"मॅडम, भिंत कमी आलीय."

निकिता मागं धावली. नैऋत्येच्या कोपऱ्यातला बोल्ट उघडाच होता. भिंत संपली होती आणि बोल्ट तिच्यापासून चार बोटं पलीकडे, उन्हात चमकत उभा. दक्षिणेची भिंत त्या रांगेतल्या बोल्टांवर ठेवली असती तर कोपऱ्यातून आरपार शेत दिसलं असतं.

फकिरा याच क्षणासाठी सकाळपासून उभा होता. "कंपनीनं गंडवलं," तो मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मिलिमीटरवर कापत्यात म्हणं. सूनबाई, आता त्या फटीत काय भरायचं? कोंबड्या?"

लोक हसले. कुणीतरी फोन काढून फोटो घेतला. निकिता फीत काढून भिंत मोजू लागली. दोन्ही तुकडे मिळून चोवीस फूट, चोख. मग तिनं अमोलला हाक मारली, त्याच्या हातात टोक दिलं आणि पंधरा दिवसांपूर्वी जे करायचं होतं ते केलं. एक कर्ण मोजला, मग दुसरा. दोन्हींत जवळजवळ दोन इंचांचा फरक. पाया पुढे चोवीस फूट होता आणि मागे चोवीस फूट चार बोटं.

तिनं तात्यांकडे पाहिलं. ते वाळूच्या ढिगाजवळ उभे होते आणि त्या उघड्या बोल्टाकडे एकटक बघत होते. तोंडावरचा रंग उडाला होता. निकिता फीत गुंडाळू लागली. भिंत बरोबर आहे असं म्हणावं, तर पुढचं सगळ्या गावाला आपोआप कळणार. भिंत चुकली म्हणावं, तर आपला शब्द गेला आणि त्या शब्दावर एकलहऱ्याला बसलेली सासूही तिथंच राहिली. पण तिसरी गोष्ट होती, ती खरी होती आणि ती तिची स्वतःची होती.

"भिंत बरोबर आहे काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मागच्यांनाही ऐकू गेला. "चूक माझी आहे. भिंती कारखान्यातून सोडण्याआधी कर्ण मोजायचे असतात. मी ते मोजले नाहीत आणि मोजले म्हणून सही केली."

"म्हंजे पाया..." फकिरानं सुरुवात केली आणि वाक्य मुद्दाम अर्ध्यावर सोडून तात्यांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

तात्या वाळूवरून खाली आले. सावकाश चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि बोल्टाला हात लावला. "पाया चुकल्याला नाय," ते म्हणाले. "पाया गोमुखी हाय."

मग त्यांनी फोड करून सांगितलं. गाईच्या तोंडासारखी वास्तू असावी, पुढं निमुळती आणि मागं रुंद. आलेलं मागं साठतं. वाघाच्या तोंडाची, म्हणजे पुढं रुंद, ती दुकानाला चालते, घराला नाही. "मागल्या कोपऱ्याला चार बोटं जास्त. मी बांधल्याल्या समद्या घरांस्नी हायेत. विटंला कळत नाय, गिलाव्यात जिरून जातं."

"समद्या घरांस्नी?" फकिरानं विचारलं.

"समद्या. तुझ्याबी."

सगळे फकिराकडे बघायला लागले, कारण पंधरा वर्षं तो आपल्या हॉलमधला कोच भिंतीला का लागत नाही म्हणून सुताराला शिव्या देत आला होता. त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या निदान तीन घरांत फिती निघाल्या, असं ऐकिवात आहे.

"पन ह्या घराला द्यायची नव्हती," तात्या निकिताकडे वळून म्हणाले. "तू म्हनली व्हतीस मिलिमीटर. मला कळलं व्हतं. तरी हात गेला." ते आणखी काही सांगतील असं तिला वाटलं, पण त्यांनी तोंड मिटलं आणि एवढंच विचारलं, "आता?"

या एका प्रश्नानं निकिताचं डोकं जाग्यावर आलं. रडायचं नंतर बघू, असं तिनं ठरवलं. पुढची, उत्तरेची आणि मागची, तिन्ही भिंती जागेवर होत्या आणि काटकोनात होत्या. तिरकी होती ती फक्त दक्षिणेची बोल्टांची ओळ. सहा बोल्ट.

"सहा बोल्ट कापायचे," ती म्हणाली. "सरळ ओळीत नवी भोकं पाडायची, त्यात चिकटवायचं केमिकल भरायचं आणि नवे बोल्ट रोवायचे. या उन्हात तासाभरात ते जुन्यांपेक्षा पक्के होतात. केमिकलच्या नळ्या नाशिकला मिळतील. अमोल, गाडी काढ."

अमोलनं पाना खाली टाकला आणि तो तसाच हेल्मेट शोधत सुटला. नाशिकला जाऊन यायला तीन तास. लखननं घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. "मॅडम, मला दोनला निघायचंय."

निकितानं लासलगावच्या साइटवाल्याला फोन लावला. आपल्याकडे पायात घोळ झाला आहे, क्रेन दोन तास उशिरा येईल, हे तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. पलीकडून तो हसायलाच लागला. त्याचे लोखंडाचे ट्रक लिलावाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकले होते आणि संध्याकाळपर्यंत सुटतील याची त्यालाच खात्री नव्हती. क्रेन लवकर येऊन काय करणार, असं तो म्हणाला. तोवर तात्यांनी लखनसाठी खाट टाकली होती आणि घरातून पिठलं-भाकरी मागवली होती. "जेवल्याशिवाय जायचं नाय," त्यांनी सांगितलं. लखनलाही भूक लागलेली होतीच.

राहिली ती नवी ओळ आखायची. तात्यांनी पिशवीतून दोरी काढली, पुढच्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि एक टोक भिंतीच्या कडेला धरलं. फकिरा बघत होता, सगळं गाव बघत होतं.

"निकिता," ते म्हणाले, "दुसरं टोक धर."

ती मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि दोरी ताणली. तात्यांनी काटकोनाचा गुण्या लावला, डोळा बारीक केला. मग ते स्वतःहून म्हणाले, "आता कर्न घे. तुझ्या फितीनं." तिनं घेतला. दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या. तिनं तो आकडा मोठ्यांदा वाचला आणि तात्यांनी तो आणखी मोठ्यांदा सगळ्यांना सांगितला.

पुढचं काम नेहमीचंच. बोल्ट कापले, ड्रिल चालली, भोकं फुंकून साफ केली. अमोल साडेबाराला धुळीनं माखून परतला. केमिकल भरलं, बोल्ट उभे केले. मग एक तास सगळे त्या सहा बोल्टांकडे बघत बसले. अडीच वाजता निकितानं पहिल्या बोल्टावर पाना चढवला आणि सगळा जोर लावून ओढला, मग अमोलनं ओढला, मग न राहवून फकिरानं. बोल्ट हलला नाही. तीनला दक्षिणेची भिंत हवेत गेली आणि कोपऱ्यात येऊन अशी बसली की फटीत पोस्टकार्ड गेलं नसतं. चार वाजता लखन लासलगावच्या रस्त्याला लागला.

दक्षिणेकडे पाया मात्र उघडा राहिला. पुढे काही नाही, मागे जाता जाता वाढत कोपऱ्यात चार बोटं, अशी एक निमुळती पट्टी भिंतीच्या बाहेर. "ती फोडून सरळ करून घेऊ," निकिता म्हणाली. "ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले, आणि तिनं राहू दिली. त्यावर पाणी साचू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तात्यांनीच सिमेंटचा हात मारून बाहेरच्या बाजूला उतार काढला.

आठ दिवसांत छप्पर चढलं, वायरी ओढल्या, फरशी बसली, कमोड बसला, भिंतींना पिवळट रंग लागला. येणारा-जाणारा भिंतीवर टकटक करून जायचा. फकिरा तर खिळा आणि हातोडी घेऊनच आला. खिळा घट्ट बसला, तेव्हा त्यावर आपली टोपी टांगून त्यानं चहा मागितला.

पाडव्याला सकाळी दारात गुढी उभी राहिली आणि दहाच्या सुमारास हर्षालीच्या नवऱ्याची गाडी मळ्यात वळली. कुसाबाई उतरल्या. अंगावर नवं लुगडं, हातात वॉकर. दोन महिन्यांत वाळल्या होत्या, पण पाठ ताठ होती. त्यांनी घराकडे नीट पाहिलं, मग दाराशी असलेल्या उताराकडे, आणि कुणाचाही हात न धरता वॉकर टेकत टेकत वर आल्या. उंबरा नव्हता, त्यामुळे थांबावं लागलं नाही. निकितानं भाकरतुकडा ओवाळला तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं लपवले नाहीत.

कुसाबाईंनी सगळं घर फिरून बघितलं. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा. भिंतीला हात लावला, बोटानं वाजवली. "विटा किती लागल्या?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," निकिता म्हणाली.

"म्हंजे कुण्या बाईनं काय वाह्यलं नाय."

"नाही आई. क्रेननं वाहिलं."

"बरं झालं," कुसाबाई म्हणाल्या आणि खूप वेळ त्या भिंतीवरून हात फिरवत राहिल्या.

मग त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. तात्या आधीच तिकडे जाऊन उभे होते, काहीतरी बघायचं असल्यासारखे. निकिता मागोमाग गेली. नैऋत्येच्या कोपऱ्यापाशी कुसाबाई थांबल्या. वॉकर भिंतीला टेकवला, एका हातानं खिडकीची जाळी धरली आणि वाकून दुसऱ्या हाताची चार बोटं भिंतीबाहेर उरलेल्या पायावर आडवी ठेवली. बरोब्बर मावली.

"मी तर नव्हते हितं," त्या म्हणाल्या. "टोक कुनी धरलं?"

"खुंटीला बांधलं," तात्या म्हणाले.

"मंग ही?"

तात्या काढलेल्या कांद्याच्या ढिगाकडे बघत राहिले. निकिताला काही उमगत नव्हतं, ते कुसाबाईंच्या ध्यानात आलं. त्या तिच्याकडे वळल्या. "पाया आखताना यांच्या दोरीचं मागलं टोक कायम माझ्या हातात असायचं. पयल्या घराला यांनी काटकोनात आखलं व्हतं. मला काय ते बरं वाटंना. माझा बाप सांगायचा, घर मागं ऐसपैस असावं. मंग मी गुपचूप चार बोटं सरकवली. परत्येक घराला सरकवली. मला वाटायचं, यांना ठाऊकच नाय."

"पयल्याच घराला कळलं व्हतं," तात्या म्हणाले.

"मंग बोलला का नाय?"

"समद्या घरांत माझं नाव लागत व्हतं. तुझं तेवढंच व्हतं."

कुसाबाईंनी हात तसाच ठेवून विचारलं, "आन ह्या घराला?"

"तू नव्हतीस ना," तात्या म्हणाले. "तुझी चार बोटं तुझ्याच घराला द्यायची ऱ्हायली असती. म्हनून मी दिली."

निकिताला 'ऱ्हाऊ दे ते टोक' आठवलं आणि तेव्हा मनाला लावून घेतलं याची लाज वाटली. ती पुढे झाली आणि सासूच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आई, पट्टी अशीच राहील. कुणी फोडणार नाही."

"आता मला काय वाकून टोक धरायला जमायचं नाय," कुसाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "हितून पुढं तू धर."

"धरते. पण माझ्या भिंतींना चार बोटं चालत नाहीत, आधीच सांगते."

"भिंतींना कोन मागतंय? पायाला दे."

निकितानं क्षणभर विचार केला. भिंती काटकोनात, बोल्ट काटकोनात, पाया तेवढा मागं चार बोटं ऐसपैस. काहीच अडत नव्हतं. "नकाशातच काढते," ती म्हणाली. "म्हणजे कुणाला गुपचूप सरकवायला नको."

तात्या मोकळं हसले. आतून फकिराचा आवाज आला, श्रीखंड गरम व्हायला लागलं म्हणून. कुसाबाईंनी जाळी सोडली, पदर सारखा केला आणि त्या मागच्या दारानं आत गेल्या. ओट्यापर्यंत पोचल्यावर हर्षालीच्या लक्षात आलं की आईच्या हातात काहीच नाही. वॉकर बाहेर कोपऱ्यातच भिंतीला टेकून उभा होता.